काना

फॉर्मवर एकच शब्द छापलेला आहे, बर्न.
पुढे टक्के, पुढे तारीख, पुढे माझी सही.
इंदूरच्या सरकारी दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
अठरा वर्षं मी हा रकाना भरतेय
आणि अठरा वर्षं तो मला अपुरा पडतोय.

सराफ्यातला गेंदालाल येतो,
जिलबीच्या कढईतलं तूप कोपरापर्यंत उडालेलं.
"कुछ नहीं बाई, परसाद है," म्हणतो.
मी लिहिते बर्न. मनात लिहिते, पोळला.

खानावळीच्या टोकेकरबाईंना पातेल्याचा चटका बसलेला.
पत्र्याच्या छपरावर मे महिन्यात अनवाणी चढलेला पोरगा,
त्याचे तळवे होरपळलेले.
बर्न. बर्न.

डॉक्टर बाफनांनी एकदा हीटरवर पोळी ठेवली आणि विसरले.
वॉर्डभर वास.
"तुमच्या मराठीत बर्नला काय म्हणतात?"
"ही करपली," मी म्हटलं.
"बाकीचं, कोणाला, कशानं, किती आणि कोणी
हे कळल्यावर सांगते."
ते हसले. मीही हसले.
कोणी, हा शब्द मात्र तिथेच
टेबलावर पडून राहिला, करपलेल्या पोळीशेजारी.

आई दिवा विझव म्हणायची नाही, मालव म्हणायची.
आमच्यात बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते.
इतकी जपून बोलणारी माणसं आम्ही,
म्हणून रामबागेतल्या वसुमतीचा दीर
दारात डबा घेऊन उभा राहून म्हणाला,
"वहिनीला जरासं भाजलंय."

जरासं. बासष्ट टक्के.
भाजतात ते कणीस, दाणे, पापड.

तीन दिवस तिच्या वतीनं तोच बोलत होता.
कधी, कसं, पदर कुठे होता, खिडकी उघडी होती का,
सगळं त्याला पाठ.
ती छताकडे पाहत होती.
घशात नळी, उजवा हात कापसात,
डावी तर्जनी तेवढी मोकळी.

चौथ्या दिवशी तो चहाला खाली गेला.
मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं
जळले
आणि तिच्यासमोर धरलं. हो की नाही,
एवढंच विचारायचं होतं. पापणी हलवली असती तरी चाललं असतं.

तिनं पापणी हलवली नाही.
बोट उचललं. माझ्या पेनाकडे नेलं.
पेन धरवेना, मग मी तिचं बोटच शाईच्या पॅडवर टेकवलं,
अंगठ्यांसाठी असतं ना, त्या.
खूप वेळ लागला.
ज आणि ळ यांच्या मधल्या फटीत
तिनं एक उभी रेघ ओढली, वाकडी, निळी.

जाळले.

जळ म्हणजे पाणी.
एक काना दिला की जाळ.
काडेपेटीतली एक काडी, उभी धरलेली,
एवढंच अंतर आहे दोन्हींत,
आणि ते अंतर त्या फॉर्मवर छापलेलंच नाही.

दुपारी जबाबाला साहेब आले. हिंदी बोलणारे, घाईतले.
"जली है, या जलाई गई है?"
मी कागद पुढे केला. त्यांना मराठी येत नव्हतं.
तरी रेघेवर बोट ठेवून ते बराच वेळ थांबले.
हिंदीतही हा काना आहे,
फक्त एक अक्षर पुढे सरकलेला.

बाहेर जिन्यावर डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला.

घरी आले, गॅसपाशी गेले.
लायटर बिघडलेला. काडी ओढली,
आणि ती उभी धरून पाहतच राहिले,
वरून खाली येणारी ज्योत,
खाली उरत जाणारी रेघ.
बोटाला लागलं तेव्हा सोडली.

याला आमच्याकडे चटका म्हणतात.
हे कुठे लिहीत नाहीत.